टोला अलग लिव

हे लिहायला मी तीन महिने टाळाटाळ केली. ह्या ग्रुपवर मी गेली कित्येक वर्षं फक्त वाचक आहे, आणि तोही टिंगल करणारा. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या बंद खोलीत पैंजण वाजतात... मी ते बहिणीला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. आमच्या घरात ह्या गोष्टींना जागाच नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव, देवस्की, अंगात येणं, उतारे सगळं घराबाहेर गेलं ते गेलंच. बाबा शाळेत गणित शिकवायचे. लहानपणी भूत म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, पुरावा आण. तर अशा घरातला मी, आणि पोटापाण्याचं काम असं की मशीनने लॉगमध्ये लिहिलं तेवढंच खरं. म्हणूनच मला भीती कमी आणि वैताग जास्त आलाय. हे वाचताना तो जाणवला तर समजून घ्या.

मी डेटा इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची, मी बसतो गोंदियाला, मुर्रीला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. लॉकडाऊनमध्ये आलो तो परत गेलोच नाही. कारण माझी धाकटी बहीण पल्लवी. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग असं दुखतं की माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो, आणि वेळेवर कळलं तर औषधावर बरंच आयुष्य नीट जातं. पल्लवीला बारावीत कळलं. तोवर सगळे म्हणायचे, पोरगी नाटकं करते. मीसुद्धा म्हणायचो.

त्यामुळे कंपनीला जेव्हा सिकलसेल तपासणीच्या नोंदींचं काम मिळालं तेव्हा मी ते मागून घेतलं. काम सांगायला सोपं होतं. उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी मागच्या काही वर्षांत जिल्ह्यात गावोगाव पहिली चाचणी केलेली, त्याची हातांनी लिहिलेली रजिस्टरं कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवलेली. त्या लाखो ओळी साफ करायच्या, दुबार नावं काढायची, आणि ज्यांची पहिली चाचणी पॉझिटिव्ह होती पण पक्की चाचणी कधी झालीच नाही अशांची यादी बनवायची. त्या यादीवरून पहिलं शिबिर सालेकसा तालुक्यात लागणार होतं. नाव यादीत असेल तर गाडी घरापर्यंत येणार, नसेल तर नाही. यादी सोमवारी द्यायची होती.

आता ते मशीन. एवढा डेटा एका कॉम्प्युटरवर चालत नाही म्हणून पुष्कळ मशीन एकत्र बांधतात, त्याला क्लस्टर म्हणतात. त्यावर स्पार्क नावाचं इंजिन चालतं. ते डेटाचे तुकडे पाडून प्रत्येक मशीनला एकेक वाटून देतं, जसं मिलमध्ये धानाची पोती वेगवेगळ्या हॉपरला, धान ओतायच्या तोंडाला, लावतात. इथवर ठीक. पण आमचं क्लस्टर रेडिमेड घेतलेलं. एक व्हेंडर हे सगळं आपल्या पद्धतीने पॅक करून देतो, त्याचं नाव घेत नाही. आतलं इंजिन दोन व्हर्जन जुनं, वरून त्यांनी स्वतःची ठिगळं लावलेली. नेटवर एखाद्या एररचं उत्तर सापडलं तर ते आपल्या व्हर्जनला लागू नसतं. आपण नवीन इंजिन बाजूला टाकावं म्हटलं तर व्हेंडर म्हणतो, मग सपोर्ट मिळणार नाही. जसा काही आत्ता मिळतोय. शिवाय क्लस्टर इतर प्रोजेक्टांबरोबर वाटून घेतलेलं, आमच्या वाट्याला सकाळी साडेदहा ते साडेबारा. त्या दोन तासांत काय ते करा.

मंगळवारी मी पूर्ण जॉब, म्हणजे सगळ्या ओळींचं काम एकदम, पहिल्यांदा लावला. अकराच्या सुमारास बंद पडला. मला वाटलं मेमरी कमी पडली. रोजचंच आहे. बुधवारी मेमरी वाढवून लावला. अकराला बंद.

लॉग उघडला तर मेमरीचं नावच नाही. एवढीच ओळ, की जॉब यूजरने थांबवला. म्हणजे कुणीतरी हाताने कमांड देऊन मारला. आणि यूजरचं नाव जिथे येतं ती जागा रिकामी.

ज्यांना ह्यातलं कळतं त्यांना सांगतो, मीही तेच सगळं तपासलं जे तुमच्या मनात आलं. आपोआप मारणारी स्क्रिप्ट नव्हती. रांगेतल्या दुसऱ्या प्रोजेक्टने जागा हिसकावली असती तर लॉगमध्ये तसं वेगळं लिहून येतं. जॉब मारायचा अधिकार आमच्या प्रोजेक्टमध्ये फक्त मला होता, आणि लॉगइन केल्याशिवाय तिथे पानही हलत नाही, तर नाव रिकामं येणारच कसं? व्हेंडरकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तर आलं, कृपया डायग्नोस्टिक बंडल अपलोड करा. केलं. चार तासांनी दुसऱ्या माणसाचं उत्तर आलं, कृपया डायग्नोस्टिक बंडल अपलोड करा. तिसऱ्याने विचारलं की तुम्ही आमच्याच पॅकेजमधलं इंजिन वापरताय ना. मी लिहिलं, हो बाबा, तुमचंच, म्हणून तर ही वेळ आली. ते 'बाबा' मागून खोडलं.

गुरुवारी मी चिडून तीनदा लावला. पहिल्यांदा पूर्ण, अकराला पाच मिनिटं कमी असताना मेला. पण ह्या वेळी मी स्क्रीनवर डोळे लावून बसलो होतो. तुकडे उपकेंद्राप्रमाणे पाडलेले होते, आणि एकसष्ट नंबरचा तुकडा सुरू झाला त्याच क्षणी सगळं थांबलं. मागच्या दोन दिवसांचे लॉग काढले. तिथेही एकसष्ट. मग साडेअकराला फक्त तो एकसष्ट नंबरचा तुकडा एकटा चालवला. मेला. बारा-सव्वाबाराला मशीन बदलून पुन्हा चालवला. मेला. लाखो ओळींतल्या दोनशे बारा ओळी. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आत होतील एवढ्या.

शुक्रवारी तो तुकडा बाजूला ठेवून उरलेलं सगळं चालवलं. अकरा मिनिटांत जॉब पूर्ण झाला, हिरवा, एकही तक्रार नाही.

मॅनेजर खूश. तो पुण्यात बसतो, माणूस वाईट नाही, पण त्याला तारीख दिसते आणि तेवढीच दिसते. म्हणाला, मग झालं की, ते एक उपकेंद्र वगळ आणि सोमवारी यादी दे, पुढच्या फेरीत बघू. वर हळूच हेही विचारलं की तूच चुकून मारत नाहीयेस ना जॉब. माझं डोकंच फिरलं. चार दिवस उपाशीतापाशी मी कशाशी झगडतोय, आणि हा मलाच विचारतोय. पण खरं सांगतो, वगळायला मी तयार झालो होतो. इतका कंटाळलो होतो की म्हटलं जाऊ दे.

जेवताना पल्लवीला सांगितलं. तिने विचारलं किती लोक आहेत त्यात. म्हटलं, दोनशे बारा नोंदी. तिने भाताचा घास तसाच ठेवला.

"मले बारावीत कळलं दादा," ती म्हणाली. "आमच्या शाळेत सहावीतच तपासणी झाली होती. तवा कोण्या यादीतून मी सुटलीच होती ना? तिथंबी कोणी कंटाळलाच असन."

शनिवारी सकाळी मी गाडी काढली.

ते एकसष्ट नंबरचं उपकेंद्र कचारगडच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. गावाचं खरं नाव देत नाही, कोसमझरी म्हणू. कचारगडची गोंडांची यात्रा होऊन महिना झालेला, मोहफुलांचे दिवस, त्यामुळे गावात चिटपाखरू नव्हतं, सगळे टोपल्या घेऊन झाडांखाली. नर्सबाई मात्र भेटल्या. तरुण, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. मी काय शोधतोय ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं, तरी त्यांना म्हटलं की कॉम्प्युटरवर तुमच्या केंद्राच्या नोंदी अडकताहेत, मूळ रजिस्टर बघायचंय. त्यांनी लोखंडी कपाटातून काढून दिलं. एक नव्हे, दोन. एकावर लिहिलेलं कोसमझरी, दुसऱ्यावर ठसठशीत अक्षरात नुसतं टोला.

मी दोन्ही बाजूबाजूला उघडली, आणि पाच मिनिटांत घामाने भिजलो. मार्चचा घाम नव्हता तो.

इथे मला माझी चूक सांगावी लागेल. आमच्याकडे मोठ्या गावाला लागून वस्ती असते, तिला टोला म्हणतात. गाव एक, टोला वेगळा, मध्ये नाला नाहीतर शेतं. पण टोल्यावरचा माणूस गोंदियाला आला आणि त्याला विचारलं कुठला, तर तो मोठ्या गावाचंच नाव सांगतो. सगळेच तसं करतात. माझी आत्या टोल्यावर राहते आणि आम्ही पत्त्यात कधी तो शब्द लिहिला नाही. मग डेटा साफ करताना मला गावांची नावं दिसली, कुठे कोसमझरी, कुठे कोसमझरीटोला, कुठे कोसमझरी टोली... तर मी मोठ्या हुशारीने नियम लिहिला की टोला, टोली हे शब्द कापून टाका, गाव एकच धरा. पुण्याच्या पोराने हे केलं नसतं. त्याला टोला म्हणजे काय ते कळलं नसतं, त्याने तो शब्द जसाच्या तसा ठेवला असता. मी इथला, मला सगळं कळतं, म्हणून मी कापला.

आणि पुढचा नियम होता दुबार नावं काढायचा. गाव तेच, नाव तेच, वडिलांचं नाव तेच, वय तेच, तर माणूस एकच समजा आणि शेवटची नोंद ठेवा. आता बघा. पहिल्या रजिस्टरमध्ये होतं, अंजली रमेश मडावी, वय दहा, निगेटिव्ह. टोल्याच्या रजिस्टरमध्ये होतं, अंजली रमेश मडावी, वय दहा, पॉझिटिव्ह. टोल्याची तपासणी आधी झालेली, गावाची नंतर. माझ्या जॉबने दोघींची एक केली असती आणि निगेटिव्हवाली ठेवली असती. अशा जोड्या मी एकट्या त्या केंद्रात सात मोजल्या.

मी नर्सबाईंना विचारलं की ही एकच मुलगी आहे का.

"नाही हो सर. गावातली अंजली शाळेत कबड्डी खेळते. टोल्यावरची वेगळी. तिचे सारखे हातपाय दुखत राहतात, शाळा सुटल्यातच जमा आहे. आई म्हणते कामचुकार आहे."

मी खुर्चीवर बसलो. बाई पाणी घेऊन आल्या. वयाची चौदा वर्षं झाली त्या मुलीला आता, आणि चार वर्षांपूर्वीच तिचं नाव कुणीतरी नीट, वेगळ्या वहीत, वेगळं लिहून ठेवलं होतं. बाकीच्या सहा जोड्यांबद्दल त्यांना खात्री नव्हती. म्हणाल्या, हे सगळं टेंभरेबाईंचं काम, आधीच्या नर्स. तीस वर्षं ह्याच भागात होत्या. पावसात नाल्याला पूर आला की टोला तुटतो, म्हणून त्यांनी आपल्या मनाने वेगळी वही घातली. वरून कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त होऊन आमगावजवळ मुलाकडे राहतात. त्यांनाच विचारा, त्यांना एकेक घर पाठ होतं.

परतीच्या वाटेवर आमगाव लागतंच. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. सून बाहेर आली, वंदना तिचं नाव, तिशीतली. मी ओळख सांगितली, टेंभरेबाईंना रजिस्टरचं विचारायचंय म्हटलं. ती माझ्याकडे कशी विचित्र बघायला लागली. आधी वाटलं सेल्समन समजली असेल.

तिने आत नेलं. बाई खाटेवर भिंतीला टेकून बसलेल्या. स्वच्छ पातळ, केस विंचरलेले, नजर कुठेतरी. मी नमस्कार केला, कोसमझरीचं नाव घेतलं, अंजली मडावीचं घेतलं. काही नाही. डोळ्यांची पापणीसुद्धा वेगळी हलली नाही. वंदना म्हणाली की त्यांचं डोकं चालत नाही आता. आधी नावं विसरल्या, मग माणसं, मुलालाही ओळखेनात, आणि दीड वर्ष झालं, तोंडातून एक शब्द नाही.

मी उठायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, थांबा भाऊ, मले एक सांगा, तुमी रजिस्टरचं कायले विचारून राहिले?

मी मशीनवरचा घोळ थोडक्यात सांगितला. टोला म्हणालो मात्र, तिने तोंडावर पदर धरला.

"आई बोलल्या भाऊ ह्या हप्त्यात. मंगळवारी मी चूल सारवून राहिली होती, आतून आवाज आला. 'टोला अलग लिव बाई. टोला अलग.' मले वाटलं कोणी पाहुणीच आली. येऊन पाहतो त आईच. असा कडक आवाज, जशा नोकरीत बोलत तशा. मंग पुन्हा चूप."

मी विचारलं, किती वाजता. घड्याळ कुठे बघणार ती. म्हणाली, अंगणवाडीचे पोट्टे खिचडी घेऊन घरी येत होते त्या टायमाला. म्हणजे अकराच्या आगेमागे. बुधवारी पुन्हा, त्याच वेळी. मग तिने जे सांगितलं ते मी मुद्दाम तिला काहीही न सुचवता ऐकलं, बाबांची शपथ. गुरुवारी म्हणे बाई तीन खेपा बोलल्या. पहिल्यांदा नेहमीच्या वेळी, मग थोड्या वेळाने, मग जेवायच्या आधी. शुक्रवारी एकदाही नाही. वंदनाला वाटलं संपलं.

मंगळवार एक, बुधवार एक, गुरुवार तीन, शुक्रवार शून्य. माझ्या मोबाईलमध्ये लॉगच्या वेळा होत्या. मी त्या तिला दाखवल्या नाहीत, पण तिने माझा चेहरा बघितला. हुशार बाई आहे.

तिचा नवरा, म्हणजे बाईंचा मुलगा, राइस मिलमध्ये कामाला. सकाळी आठला जातो, अंधार पडल्यावर येतो. म्हणजे आई पाच वेळा बोलली आणि त्याने एकदाही ऐकलं नाही. वंदना म्हणाली की सांगितलं तर तो आधी चिडला, खोटं बोलतेस म्हणाला, मग उठून गोठ्यात गेला.

घरी येऊन मी दोन्ही नियम बदलले. टोला कापायचा नाही. टोला आणि गाव वेगळं धरायचं, पूर्ण जिल्ह्यात. दहा मिनिटांचं काम. एवढ्याशा गोष्टीसाठी... असो. रविवारी क्लस्टर बंद असतं. सोमवारी अकराला जॉब लावला. एकसष्टवर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा होतो. गेला पुढे. अकरा मिनिटांत सगळा पूर्ण. जुन्या नियमाने किती नावं खाल्ली असती ते मग मोजलं. एका कोसमझरीची सात होती, जिल्ह्याची मिळून इतकी निघाली की आकडा सांगायची मला लाज वाटते. यादी वेळेवर गेली. टोल्यावरची अंजली तीत होती. गाडी तिच्या घरापर्यंत गेली, पक्की चाचणी झाली, आजार निघाला, औषध सुरू झालं. नर्सबाईंनी फोन करून सांगितलं की आता तिची आई तिला कामचुकार म्हणत नाही. पल्लवी ते ऐकून बराच वेळ रडली, आणि मीही.

व्हेंडरने तिकीट बंद केलं. कारण लिहिलं, आम्हाला हा प्रॉब्लेम पुन्हा घडवून बघता आला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे कधी लिहिलं नसतं. योगायोग म्हणून गिळलं असतं. पण यादी दिल्यावर दहाएक दिवसांनी वंदनाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की त्या गुरुवारनंतर आई पुन्हा बोलल्या नाहीत. नवऱ्याने सोमवारपासून मिलमध्ये आठवडाभर सुट्टी टाकली होती, रोज सकाळी आईच्या खाटेजवळ बसायचा. पूर्ण आठवडा. काही नाही.

"भाऊ, तुमी त्या हप्त्यात मशीनवर जे करून राहिले होते," ती म्हणाली, "ते एक खेप अजून करता येते का? ह्याईले एकडाव आईचा आवाज ऐकू येऊ द्या. बस, एकडाव."

मी काय म्हणायला हवं होतं? गणिताच्या मास्तरांचा मुलगा मी. हे सगळं थोतांड आहे म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या अकराला फोन चालू ठेवा.

जुना कोड माझ्याकडे होताच, कोड कुणी फेकत नाही. डेटाची वेगळी कॉपी केली, म्हणजे खऱ्या यादीला धक्का लागायला नको. तेच व्हेंडरचं पॅकेज, तेच जुनं इंजिन, तोच टोला कापणारा नियम, तीच सकाळची वेळ. फोन स्पीकरवर. पलीकडे वंदना, तिचा नवरा, आणि बाई. नवऱ्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. पल्लवी माझ्या मागे उभी. मी जॉब लावला.

अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. ह्या धंद्यात मला बारा वर्षं झाली, आणि जॉब मरावा असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मनातल्या मनात मी अक्षरशः विनवत होतो. एकसष्ट सुरू झालं.

आणि संपलं. बासष्ट, त्रेसष्ट... चुकीचा कोड, चुकीची यादी, आणि जॉब हिरवा. अकरा मिनिटं. स्क्रीनवर लिहून आलं, यशस्वी.

फोनवर बाईंच्या मुलाचा आवाज आला, "झालं का?" मी झालं म्हटलं. तो म्हणाला, "नाई बोलली ना माय," आणि फोन ठेवला.

आता तुम्ही कमेंटमध्ये लिहालच, की वंदनाने रचून सांगितलं. कशासाठी रचेल? मी दारात जाईपर्यंत तिला माझं नावही माहीत नव्हतं. की नेटवर्कचा दोष असेल. असेल, तर तो चुकीच्या कोडवर पाचही वेळा एकसष्टलाच यायचा आणि नंतर तोच कोड सुखरूप जाऊ द्यायचा, असा कोणता दोष असतो ते कळवा, मी आयुष्यभर उपकार मानीन. पाचही लॉग मी जपून ठेवलेत. यूजरच्या नावाची जागा पाचही ठिकाणी रिकामी आहे. मी पुराव्याच्या घरातला माणूस, आणि माझ्याकडचा पुरावा म्हणजे ती रिकामी जागा.

मला राग येतो तो वेगळाच. जिचं डोकं सगळं विसरलं, पोटच्या मुलालाही विसरलं, तिच्यात एवढंच शिल्लक होतं, की टोला अलग लिहायचा. मी तो अलग लिहिला, आणि तिचं बोलणं संपलं. मुलाला आईचा आवाज हवा होता. त्यासाठी मला दुसरी कुठली चूक करावी लागेल, हे मी अजून शोधतोय.